थोरल्या मास्तरांची मान

थोरल्या मास्तरांशी बोलायला गेलं की ते डोंगराकडे बघत. आपण समोर उभं राहून रजेचं विचारतोय आणि ते मान डावीकडे वळवून खिडकीतून आंबेनळीच्या घाटाकडे पाहताहेत, असा प्रकार. बोलणं संपलं की उत्तर मात्र चोख येई. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस शिष्ट आहे. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, जरा चक्रम असावा. त्यानंतर मी काही वाटून घेणंच सोडून दिलं, कारण तोवर ते मला आवडायला लागले होते.

पोलादपूरच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी ते गाव. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यावर माझी पहिली नेमणूक तिथे झाली. शाळा म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यापुढे पडवी. पडवीत मी लहानांना घेऊन बसे, आत थोरले मास्तर वरचे वर्ग घेत. गावात मास्तर दोनच, म्हणून ते थोरले आणि मी धाकटा. आमची खरी नावं पगार आणणाऱ्या पोस्टमनला काय ती ठाऊक होती.

अंगाने ते काटकुळे. मान लांब, आणि त्या मानेवर लाल पगडी. आजूबाजूचं सगळं जग टोपीवर आलं होतं, पण त्यांनी पगडी सोडली नव्हती. गळ्याभोवती लोकरीचा गळपट्टा, तो ऐन वैशाखातही. कोटाच्या खिशात निरगुडीच्या तेलाची बाटली. त्यांचं डोकं रोज दुखायचं आणि मान आखडलेली असायची. सकाळी नमस्कार केला की ते पहिल्यांदा डोक्याची हालहवाल सांगत आणि मग शाळेची.

डोकेदुखीवर त्यांचा अभ्यास दांडगा होता. त्यांचं म्हणणं असं, की डोकं दुखतं यात डोक्याचा काही दोष नसतो. "दुखणं डोक्यात नुसतं नांदायला येतं हो," ते सांगत, "त्याचं माहेर दुसरीकडेच असतं. ते शोधा, म्हणजे त्याला तिकडे धाडता येतं." आणि शोधायचं कसं, तर माणसावर नजर ठेवून. "रोज दुखतं ना? मग कारणही रोजचंच असणार. आठवड्यातून एकदा खाल्लेल्या वांग्याला नावं ठेवू नका."

ही विद्या त्यांनी आधी माझ्यावरच चालवली. गावात आल्यापासून माझंही कपाळ धरायचं. मला वाटायचं, पाणी बाधलं. थोरल्या मास्तरांनी दोन-चार दिवस मला पाहून घेतलं आणि एक दिवस मधल्या सुट्टीत विचारलं, "टोपी लग्नातली का?"

"हो. सासऱ्यांनी दिलेली."

"सासऱ्यांनी डोकं न मोजता दिलेली आहे. काढा बघू."

टोपी काढल्यावर कपाळावर जो लाल वळ होता तो त्यांनी पोरांना बोलावून दाखवला. मला भयंकर संकोच वाटला. त्यांनी टोपी घरी नेली, पाण्यात भिजवली आणि एका पोटफुगऱ्या तांब्यावर रात्रभर घालून ठेवली. सकाळी ती सैल झाली होती आणि माझी डोकेदुखी उतरली होती. पुढे बायको आली तेव्हा तिने विचारलं, बाबांनी दिलेली टोपी अशी लोळागोळा कशी झाली. मी हवेवर ढकललं.

सखूची गोष्ट तर गावभर झाली. सखू ही विधवा बाई, रानातून लाकडाची मोळी आणून पोलादपूरच्या बाजारात विकायची. शाळेची जमीन सारवायचं कामही तिच्याकडेच होतं. ती एकदा म्हणाली, "मास्तर, माजा डोका रोज ठणकताय. मान तर वलतच नाय. भगत म्हंतो, बाहेरचा हाय काय तरी." मास्तरांनी मान वळवून डोंगराकडे बघत सगळं ऐकून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी छत्री घेऊन तिच्या मागे चालायला लागले. ती पुढे मोळी घेऊन, हे मागे पगडी घालून, ते थेट पोलादपूरपर्यंत. ती थांबली की हे थांबत. हेडमास्तर बाईमाणसाच्या मागे फिरतोय म्हटल्यावर गावात कुजबुज झाली नसती तरच नवल. संध्याकाळी पाटील स्वतः चौकशीला आले.

"मास्तर, कसा काय चाललाय?"

"सापडलं, पाटील," मास्तर आनंदाने म्हणाले. "ती एकाच हाताने मोळी सावरते. दुसऱ्या हातात कोयता असतो ना. सगळा भार एका अंगावर. कोयता कमरेला खोचायला सांगा आणि हात बदलत जा म्हणावं."

पाटील बिचारे उठले. त्यांनी निरोप पोचवला. सखूने कोयता कमरेला खोचला, आणि शिमग्याच्या आत भगताचं येणंजाणं बंद झालं.

महाडच्या बाजारपेठेत एक कापडाचे व्यापारी होते. त्यांची मान उजवीकडे वळायची, डावीकडे वळायची नाही. मुंबईचे डॉक्टर झाले, वैद्य झाले. थोरले मास्तर एकदा धोतरजोडी घ्यायला गेले आणि अर्धा दिवस दुकानातच बसले. निघताना म्हणाले, "शेठ, तुमची मान समोर उजवीकडच्या दुकानदाराने धरलीय. त्याच्याकडे किती गिऱ्हाइकं चढतात ते मोजणं सोडा. गादी फिरवून बसा." शेठजींना राग आला, पण मान दुखत होतीच, म्हणून गादी फिरवली. पुढे मान मोकळी झाली तेव्हा त्यांनी मास्तरांना एक उपरणं पाठवलं. धंद्यात फरक पडला नाही, पण निदान तो पडत नाही हे बघत बसायची कटकट तरी गेली, असं शेठजी म्हणत.

इतकं सगळ्यांचं माहेर शोधून काढणारा हा माणूस, पण स्वतःच्या डोक्याची गोष्ट निघाली की त्याची विद्या कुठे जाई कोण जाणे. कधी म्हणत, घाटावरचा वारा. कधी म्हणत, महाबळेश्वरच्या मोटारी सुरू झाल्यापासून तेलाचा वास डोक्यात बसलाय. मध्यंतरी चहावर आळ आला. तो सोडला, तर न प्यायल्यामुळे दुखायला लागलं. शेवटी वांग्यालासुद्धा त्यांनी नावं ठेवली. मी आठवण करून दिली, "मास्तर, तुम्हीच सांगता ना, रोजचं काहीतरी असतं म्हणून?" त्यावर ते डोंगराकडे बघत म्हणाले, "माझं प्रकरण वेगळं आहे."

गाव मात्र त्यांच्या डोक्याची फार काळजी घेई. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर कुणी ना कुणी यायचंच. कुणी सुंठ उगाळून आणी, कुणी वेखंड, कुणी निरगुडीचा पाला. उजव्या हाताला येऊन बसत आणि मोठ्याने विचारत, "मास्तर, डोका कसा हाय?" मास्तर सांगत, "आहे थोडं." मग शेतीच्या, मुंबईला गिरणीत असलेल्या पोरांच्या गप्पा निघत. मला वाटे, डोंगरातल्या माणसांचा आवाजच मोठा.

एक दिवस मी त्यांचीच रीत त्यांच्यावर चालवायची ठरवली. शाळेत पडवीतून त्यांच्यावर नजर ठेवली. एकटे वाचत असले की मान सरळ. कुणी बोलायला लागलं की मान डावीकडे. पोरगा परवचा म्हणायला उभा राहिला, मान डावीकडे. पाढे न येणारी सगळी कार्टी डाव्या हाताला भिंतीशी बसत हेही त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. तिथून ती काहीही म्हणत आणि सुटत.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर वाचत बसले होते, त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, जवळच तांदूळ निवडत होत्या. मी मुद्दाम मास्तरांच्या डाव्या बाजूला बसलो आणि साध्या आवाजात म्हणालो, "मास्तर, तुमच्या पगडीवर पाल आहे."

मास्तरांनी शांतपणे पान उलटलं.

काकूंनी सूप खाली ठेवलं. "त्या बाजूने सांगून उपयोग नाही हो," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मागल्या दारी बोलावून त्यांनी मला सगळं सांगितलं. एका पावसाळ्यात मास्तरांना मोठा ताप आला होता. त्यातून वाचले, पण डावा कान गेला तो गेलाच. उजव्याने बरं ऐकू येतं. तो कान बोलणाऱ्याकडे करायचा म्हणून मान डावीकडे वळते, दिवसभर, वर्षानुवर्षं. ती आखडणार नाही तर काय होईल? कारण त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. सांगायचं नाही म्हणून वांगी आणि वारा.

"पेन्शनीला थोडंच राहिलंय," काकू म्हणाल्या. "कळलं तर आधीच घरी बसवतील. आम्हांला ना शेत ना घर. ही खोलीसुद्धा शाळेची. आणि आता शाळा तपासायला नवे दिपोटी यायचेत."

नव्या दिपोटींची कीर्ती त्यांच्या आधीच आमच्यापर्यंत पोचली होती. एका शाळेत डोळ्यांनी अधू झालेल्या मास्तरांना त्यांनी एका तपासणीतच घरी पाठवलं होतं. साहेब खुर्चीत बसत नाहीत, वर्गात फिरत राहतात, मागून, बाजूने, कुठूनही हळू आवाजात प्रश्न टाकतात, असं ऐकलं होतं. म्हणजे ते डाव्या बाजूला गेले की संपलंच.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी पाटलांकडे गेलो. कुणाचं गुपित फोडायचं जिवावर आलं होतं, पण दुसरा मार्ग सुचत नव्हता. आडवळणाने सुरुवात केली. म्हटलं, पाटील, साहेबांना थोरल्या मास्तरांच्या उजव्या हातालाच ठेवायला हवं. कारण विचारू नका.

पाटील तंबाखू मळत होते. ते मळत राहिले. "तुमाला आत्ता कळला व्हय, धाकले मास्तर?"

"म्हणजे तुम्हांला माहीत आहे?"

"गावात कोनाला म्हाईत नाय? त्या तापातनं उठले ते एका कानानं उठले. आमी बगितला नाय का?"

"मग इतक्या वर्षांत कुणी बोललं कसं नाही?"

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही गावंढळ बोललो. "त्यांनी सांगितला नाय, मंग आमी कसा बोलायचा? त्यांचा डोका दुकतो असा ते सांगतात, तर आमी डोक्याचा इचारतो. आन् बोलायचा असला तं उजवीकडनं जातो. पोरांना घराघरातनं सांगून ठेवलेला हाय."

ती सुंठ, ते वेखंड, तो मोठा आवाज, सगळं एकदम समजलं. या माणसांबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. फार बरं वाटलं, एवढंच.

"साहेबाचा सखू बगंल," पाटील म्हणाले. "तुमी जेवा आन् झोपा."

सकाळी मी शाळेत गेलो तर खोलीचा डावा अर्धा भाग नुकताच सारवलेला. शेणाचं ओलं सारवण, बोटांची वर्तुळं अजून चमकत होती. थोरल्या मास्तरांच्या खुर्चीच्या डाव्या पायापासून थेट खिडकीच्या भिंतीपर्यंत तसूभर कोरडी जागा नाही. उजवा अर्धा भाग कोरडा ठणठणीत. तिथे पोरं दाटीवाटीने बसवलेली, आणि मास्तरांच्या उजव्या हाताला साहेबांसाठी पाटलांच्या घरची खुर्ची.

दिपोटीसाहेब आले. कोट, बूट, गळ्यात ताठ कॉलर. उंबऱ्यातच थबकले. "हे काय? अर्धीच जमीन सारवली?"

दाराशी टोपलं घेऊन सखू उभी होती. टोपलं पालथं करून दाखवत म्हणाली, "शेण सरला, साहेब."

"गुरांच्या गावात शेण संपलं?"

"गुरा रानात हायत, साहेब," पाटील गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "सांच्याला येतील."

साहेबांना हे पटलं नसावं, पण ओल्या सारवणावर पाय द्यायचा नसतो हे काय त्यांच्या घरी माहीत नव्हतं? ते उजवीकडे वळले. खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच पोरांना विचारायला लागले, मध्येच वळून हळू आवाजात मास्तरांना. पण फिरून फिरून फिरणार किती, जागा तेवढीच. मास्तर प्रत्येक वेळी डोंगराकडे बघून अचूक उत्तर देत. परवचा झाला, कविता झाली, हिशेब झाले. मी पडवीत एका अक्षराकडे लक्ष न देता लहानांचं वाचन घेत होतो.

मग साहेबांची नजर खिडकीशेजारच्या नकाशावर गेली. "जरा तो बघू," म्हणत ते खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने जायचा त्यांचा विचार दिसला. पाटील खाकरले. सखूने पदर दातात धरला. तेवढ्यात थोरले मास्तर उठले, साहेबांना म्हणाले, "आपण कशाला पाय भरवता," आणि स्वतःच काठाकाठाने जाऊन नकाशा काढून घेऊन आले. कोल्हापुरी वहाणा हातात, तळपाय शेणाने माखलेले. नकाशा साहेबांपुढे धरून ते त्यांच्याकडे निरखून पाहायला लागले.

"साहेब, मान रोज दुखते का?"

दिपोटी चमकले. "आपल्याला कसं कळलं?"

"नाडी सोडायला आपण मान न वाकवता कमरेतूनच वाकलात. ही कॉलर एक बोट सैल घ्या. एक महिना बघा."

साहेबांनी शेरा चांगला लिहिला, आणि परत जाताना बैलगाडीत बसल्या बसल्या त्यांनी कॉलरचं बटण काढलं, हे सगळ्या गावाने पाहिलं.

पोरांना सुट्टी दिली. पाटील गेले. शाळेत थोरले मास्तर आणि मी असे दोघेच उरलो. ते खुर्चीत बसून त्या अर्ध्या सारवणाकडे पाहत होते. पाठीमागच्या दाराने सखू आत आली. तिच्या डोक्यावर शेणाने भरलेलं टोपलं होतं. ती थेट उजव्या बाजूला गेली, टोपलं उतरवलं, आणि पाणी घालून कालवायला बसली. एवढं शेण सकाळपासून शाळेमागेच झाकून ठेवलेलं असणार.

मास्तरांनी ते टोपलं पाहिलं. मग ओली जमीन पाहिली. मग स्वतःची खुर्ची आणि साहेबांची खुर्ची पाहिली. कारण शोधायला त्यांना वेळ कधीच लागत नसे.

"कधीपासून हो?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या उजव्या हातालाच उभा होतो.

"मला परवा कळलं, मास्तर. गावाला पहिल्यापासून ठाऊक आहे."

"सगळ्यांना?"

"पोरांनासुद्धा. म्हणून तर सगळे उजवीकडून येतात."

मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मग त्यांनी गळपट्टा सोडला, मान हळूहळू सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा समोरून, बोलत असताना, मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"सगळे उजवीकडूनच येत होते," ते म्हणाले, "तर मग मी मान कशाला वळवत होतो?"

आणि ते हसायला लागले. मीही हसायला लागलो. सखूने हात शेणात असतानाच वर पाहिलं आणि जरा चढ्या आवाजात म्हणाली, "मास्तर, खुर्ची उचला. ही बाजू सारवायची हाय."